करंजीच्या पोटात काय भरायचं?

मुलांनो, दिवाळीत करंजी हातात आली की तुम्ही आधी काय करता? खरं खरं सांगा हं! बरेच जण ती कानाशी नेतात आणि हलवून बघतात. आतून खुळखुळ आवाज आला की समजायचं, पोटात सारण कमी आणि हवाच जास्त. मग आजी विचारते, "ही खुळखुळा करंजी कुणी भरली रे?" आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

करंजीची पारी खुसखुशीत हवी, तिला मोहन नीट पडायला हवं, हे सगळं खरं. पण कुणाच्या घरची करंजी लक्षात राहते ती सारणामुळेच. पारी लाटायला, कातण्याने कड कापायला सराव लागतो. तळणीचं काम तर मोठ्यांचंच. उकळत्या तेलाजवळ तुम्ही जायचंच नाही. सारणाचं मात्र निराळं आहे. ते चांगलं होणार की बिघडणार, हे अर्धंअधिक वाण्याच्या दुकानातच ठरून गेलेलं असतं. आणि दुकानात पिटाळतात कुणाला? तुम्हालाच! "जा रे पटकन, अर्धा किलो खोबरं, पन्नास ग्रॅम खसखस आणि वेलदोडे घेऊन ये." मग पिशवी घेऊन जाताना डोळे, नाक आणि जीभ सोबत न्यायला नकोत का?

किती दिवस टिकवायची?

सारणात काय घालायचं हे ठरवण्याआधी घरात एक प्रश्न विचारा. ही करंजी किती दिवस टिकायला हवी?

गणपतीच्या मोदकाचं सारण आठवा. ओलं खोबरं आणि गूळ. सकाळी मोदक उकडले, नैवेद्य दाखवला, दुपारी पंगत झाली आणि संध्याकाळपर्यंत ताट रिकामं. मोदक टिकवायचा नसतोच मुळी. दिवाळीच्या करंज्या मात्र वसुबारसेच्या आधी होतात. पाहुणे येतात, भाऊबीज होते, आणि सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हाही डब्याच्या तळाशी चार करंज्या शिल्लक असतात. म्हणून तिथे सुकं खोबरं आणि पिठीसाखर. आपल्या आज्या-पणज्यांनी हा फरक नुसता चवीसाठी केलेला नाही. त्यामागे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी.

घरी करून बघा. ओल्या खोबऱ्याचा मूठभर कीस स्वच्छ पातळ फडक्यात बांधून पिळा. पांढरं दूध टपटप गळेल. आता सुक्या खोबऱ्याचा कीस तसाच पिळा. काही गळतं का? फार तर फडक्याला तेलकट डाग पडेल. ओल्या खोबऱ्यात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असतं. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात ते शंभर ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम एवढंच उरतं.

पाणी असलं की तीन घोटाळे होतात. बुरशी आणि जंतू यांना वाढायला पाणी लागतंच, म्हणून सारण आंबतं. दुसरं, सारणातला ओलावा हळूहळू पारीत शिरतो आणि खुसखुशीत करंजी मऊ पडते. तिसरा घोटाळा कढईत होतो. पाण्याची वाफ झाली की ती पाण्यापेक्षा दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. करंजीच्या बंद पोटात एवढी जागा कुठून येणार? मग करंजी फुटते, सारण तेलात पसरून जळतं, आणि पुढच्या सगळ्या करंज्यांना काळे ठिपके पडतात. कधी कधी गरम तेल उडतं, ते वेगळंच.

याचा अर्थ ओल्या नारळाची करंजी करायचीच नाही असं नाही. ती करतात, फार छान लागते! पण ती नैवेद्यापुरती करायची, सारण चांगलं आटवून घ्यायचं आणि त्याच दिवशी संपवायची.

खोबरं: वाटी बघून घ्या

सारणाचा राजा खोबरं. त्याच्यासाठी दुकानात जरा जास्त वेळ थांबलात तरी चालेल.

खाण्याचं गोटा खोबरं कसं तयार होतं, ठाऊक आहे? पिकलेले नारळ न फोडता, सोडणासकट माळ्यावर साठवून ठेवतात. आठ-दहा महिने, कधी वर्षभरसुद्धा! आतलं पाणी हळूहळू आटतं, गर वाळतो, करवंटीपासून सुटतो आणि नारळ हलवला की आत गोटा खुळखुळतो. (करंजी खुळखुळली की बोलणी बसतात आणि नारळ खुळखुळला की शेतकरी खूश होतो. गंमतच आहे!) मग करवंटी फोडून तो गोटा काढतात. गोट्याचे दोन भाग केले की झाली खोबऱ्याची वाटी. कर्नाटकातलं तिपटूर हे गाव अशा खोबऱ्याच्या बाजारासाठी नावाजलेलं आहे.

म्हणजे तुमच्या हातात आलेली वाटी कदाचित गेल्या दिवाळीआधी झाडावरून उतरलेल्या नारळाची असते. एवढ्या लांबच्या प्रवासात तिला कुठे ओल लागली, कुठे दमट गोदामात ती पडून राहिली, हे तिच्या अंगावर दिसतं. वाटी घ्या आणि आतल्या बाजूने उजेडात धरा. पांढरी किंवा दुधाळ रंगाची, कोरडी आणि टणक असेल तर चांगली. पिवळट तेलकट डाग असतील, बोटाला चिकट लागत असेल, तर खोबरं जुनं झालंय. काळे, हिरवट किंवा राखाडी ठिपके असतील तर ती बुरशी. मग नाकाशी न्या. नाकाने एकदा "नको" म्हटलं की दुकानदार काहीही म्हणो, तुम्ही ऐकायचं नाही. आणि शेवटी, वाटी स्वच्छ दिसत असली तर दुकानदाराला विचारून नखाएवढा तुकडा चावून बघा. चांगलं खोबरं गोडसर लागतं. बिघडलेलं खोबरं चक्क साबणासारखं लागतं! खोबऱ्यात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमांहून जास्त तेल असतं. ओल आणि बुरशी यांमुळे ते तेल फुटतं आणि त्यातली आम्लं मोकळी होतात. साबणाचे कारखानेही खोबरेल तेलातली हीच आम्लं वापरतात. तेव्हा "साबणासारखं लागतंय" असं म्हणणाऱ्या मुलाला "काहीतरीच बोलू नकोस" असं म्हणू नका, एवढं आई-बाबांनाही सांगून ठेवते.

पालकांसाठी इथेच आणखी एक गोष्ट. ठिपके पडलेली वाटी वरवर खरवडून, उरलेलं खोबरं वापरण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. "भाजलं की सगळं मरतं" असंही म्हणतात. बुरशी भाजल्याने मरते, हे खरं. पण काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते आपल्या कढईच्या आचेने नाहीसं होत नाही. ते यकृताला घातक आहे. शेंगदाण्यांवरही ही बुरशी येते. महाग वस्तू टाकताना जीव तुटतो, कळतं मला. तरी ती वाटी टाकायचीच.

तयार कीस घ्यावा का? बाजारात डेसिकेटेड कोकोनट म्हणून जो पांढराशुभ्र चुरा मिळतो, तो ताज्या नारळाची तपकिरी साल काढून, किसून, यंत्रात वाळवलेला असतो. वेळ वाचतो, दिसतोही सुंदर. पण भाजलेल्या वाटीच्या खोबऱ्याचा खमंगपणा त्याला येत नाही, निदान मला तरी तसंच वाटतं. शिवाय किसलेल्या खोबऱ्याला हवा चारी बाजूंनी लागते, त्यामुळे ते लवकर खवट होतं. पाकिटावरची तारीख वाचा आणि उघडलं की लवकर संपवा. वाटी किसणं हे मात्र तुमच्या हक्काचं काम. फक्त शेवटचा तुकडा किसणीवर न घासता तोंडात टाका, म्हणजे बोटं सोलवटणार नाहीत!

काजू नाहीत म्हणून काय झालं?

२०२५ साली नारळ आणि खोबरं यांचे भाव असे चढले की भल्याभल्यांच्या यादीतलं अर्धा किलो पाव किलोवर आलं. अशा वेळी सारणात काय करायचं?

दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा आमच्या वर्गात फराळाचे डबे येतात. मधल्या सुट्टीत एक खेळ सुरू होतो, "तुझ्यात काय काय आहे?" कुणी म्हणतं काजू, कुणी म्हणतं बदाम, कुणी पिस्ते. आणि एखादं मूल डबा न उघडताच तसाच दप्तरात ठेवतं. विचारलं तर हळूच सांगतं, "बाई, आमच्यात नुसता रवाच आहे."

तर त्या मुलासाठी आणि बाकीच्या सगळ्यांसाठी सांगते. सारणातला रवा हा गरिबीचा रवा नव्हे! सारणात बारीक रवा तुपावर खमंग भाजून घालतात, त्याला एक काम असतं. खोबऱ्याचं सुटलेलं तेल आणि राहिलेला थोडाफार ओलावा तो धरून ठेवतो. त्यामुळे सारण मोकळं राहतं, गोळा होत नाही आणि खाताना सांडतही नाही. नुसत्या खोबऱ्याचं सारण पुष्कळदा तेलकट होतं. कुठे रव्याऐवजी भाजलेली कणीक घालतात. कुठे पंढरपुरी डाळं मिक्सरमधून बारीक करून, चाळून घालतात. तमिळनाडूत करंजीसारखीच सोमासी करतात, तिच्यात हेच डाळ्याचं पीठ, साखर आणि खोबरं असतं. तिथे ते कुणी लपवत नाही!

तीळही फार उपयोगी. भाजून अर्धवट कुटलेले तीळ घातले की सारणाला असा वास येतो की खोबरं कमी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन वाट्या खोबऱ्याच्या जागी एक वाटी खोबरं, अर्धी वाटी तीळ आणि अर्धी वाटी भाजलेला रवा किंवा डाळ्याचं पीठ घ्या. करंजी फक्कड होते आणि खर्चही आवाक्यात राहतो. फक्त तीळ घेताना वास घ्यायला विसरू नका, कारण जुने तीळ कडवट लागतात.

काजू-बदाम असतील तर जरूर घाला. पण तेही भाजून, बारीक तुकडे करून. मोठे तुकडे पारीला टोचतात आणि लाटी दुमडताना ती फाटते.

पिठीसाखर, गूळ आणि निळा रंग

गोडासाठी पिठीसाखर. ती शक्यतो घरीच दळा. कारण सांगते. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा थोडा मक्याचा स्टार्च मिसळलेला असतो. ती भेसळ नव्हे, पाकिटावर लिहिलेलं असतं. पण त्यामुळे एक गंमत होते. साखरेत खडूची पूड आहे का, हे बघायला आपण ती पेलाभर पाण्यात विरघळवतो. खडू असेल तर तो तळाशी बसतो. विकतची पिठीसाखर विरघळवली तर स्टार्चमुळेही पाणी गढूळ दिसतं. मग घरात उगाच आरडाओरडा, "भेसळ! भेसळ!" दाणेदार साखर आणून घरी दळली की हा प्रश्नच मिटतो. दळताना तिच्यातच वेलदोडे सालासकट टाकायचे, वास सगळीकडे सारखा लागतो.

गूळ घालू का, असं हल्ली बरेच पालक विचारतात. घालता येतो, पण गुळात मुळातच थोडं पाणी असतं आणि तो हवेतलं पाणीही ओढून घेतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं ते त्यामुळेच. म्हणून गुळाचं सारण लवकर ओलसर होतं. गूळच हवा असेल तर कोरडा, कडक बघून किसून घ्या, त्यात भाजलेले तीळ आणि डाळ्याचं पीठ जरा जास्त घाला आणि त्या करंज्या आठवडाभरात संपवा. गूळ अगदी लख्ख पिवळा दिसला तर भुलू नका. तो रंग उजळवण्यासाठी पुष्कळदा हायड्रो नावाचं रसायन वापरतात. तपकिरी, काळपट गूळ दिसायला साधा, पण घ्यायचा तोच.

आता खवा. उत्तर प्रदेशात होळीला गुजिया करतात, तिचं पोट खव्याने भरलेलं असतं. गुजरातेतल्या घूघऱ्यातही रव्याबरोबर खवा घालणारी घरं पुष्कळ. आपल्याकडेही खव्याच्या करंज्या आवडीने करतात. चव फार सुरेख, यात शंका नाही. पण खवा म्हणजे आटवलेलं दूध, आणि त्यात बराच ओलावा शिल्लक असतो. तो तुपासारखा टिकत नाही. म्हणून खव्याच्या करंज्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि दोन-तीन दिवसांत खाऊन टाकायच्या. सुक्या सारणाच्या डब्यात त्या मिसळायच्या नाहीत. दिसायला सारख्याच असतात ना! पंधरा दिवसांनी कुणाच्या हाती कोणती येईल, सांगता येत नाही.

सणासुदीला खव्याची मागणी एकदम वाढते आणि तेव्हाच भेसळही वाढते. खव्यात पीठ मिसळलंय का, हे बघायचा प्रयोग तुमच्यापैकी पाचवी-सहावीतल्यांना करता येईल, पण घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. पाव चमचा खवा थोड्या पाण्यात उकळवा. पूर्ण गार होऊ द्या. मग त्यात आयोडीनच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाका. निळा रंग आला तर खव्यात स्टार्च आहे, म्हणजे पीठ किंवा तसंच काही मिसळलेलं आहे. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून निळा-काळा रंग बघता, तोच हा प्रयोग. प्रयोगातला खवा अर्थातच टाकून द्यायचा आणि हात साबणाने धुवायचे. हेच थेंब विकतच्या पिठीसाखरेच्या पाण्यात टाकून बघा बरं. निळा रंग आला तर का आला, ते आता तुम्हीच सांगू शकाल!

माझं मत विचाराल तर, खवा ओळखीच्या ठिकाणचा आणि त्याच दिवशीचा मिळत नसेल तर त्याचा नाद सोडावा. घरात दूध आटवून थोडा करता येतो, नाही तर सुकं सारण आहेच की.

चिमूटभर वस्तूंची मोठी गोष्ट

खसखस दाताखाली आली की कशी कुरकुरते! पण ती कुठून येते? ती अफूच्या झाडाचं बी. दचकू नका. अफू मिळते ती कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर निघणाऱ्या चिकापासून. पिकलेल्या, वाळलेल्या बोंडातलं बी म्हणजे आपली खसखस, आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो आहोत. मात्र अफूचं झाड कुणालाही लावता येत नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत, केंद्र सरकारच्या परवान्यानेच ही शेती होते. खसखस महाग असते, त्यात हे एक कारण. तिच्यात तेल भरपूर, म्हणून तीही खवट होते. चिमूटभर चावून बघायची. कडू लागली तर परत करायची. उरलेली बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवायची.

चारोळीची गोष्ट आणखी छान आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलांत चार नावाचं झाड असतं. उन्हाळ्यात त्याला बोराहून लहान, काळसर जांभळी फळं लागतात. तिथली मुलं ती गोड फळं खातात. आतली बी मात्र कठीण कवचाची. आदिवासी बाया-माणसं उन्हातान्हात फिरून ही फळं गोळा करतात, बिया धुऊन वाळवतात, दगडावर किंवा जात्यात हलक्या हाताने भरडतात आणि मग त्यातून मसुरीएवढा दाणा निघतो. तो म्हणजे चारोळी. एका करंजीत चार-पाच दाणे येतात, त्यामागे किती कष्ट असतात बघा. म्हणून चारोळी शंभर ग्रॅम आणून निम्मी खवट करण्यापेक्षा पंचवीस ग्रॅम ताजी आणा. चांगला दाणा बदामासारखा गोडसर लागतो.

बेदाणे आमच्या सांगली-तासगावकडचे आणि नाशिकचे, तेव्हा त्यांचं कौतुक आहेच. पण करंजीच्या सुक्या सारणात ते बेताने घाला. बेदाण्यात ओलावा असतो आणि तळताना तो फुगतो. एका करंजीत एक पुरे.

वेलदोडे हिरवे, भरलेले घ्या. एक फोडून बघा. आतले दाणे काळे आणि जरा चिकट हवेत. पांढरट, पोकळ वेलदोड्याला नुसतं साल. जायफळ किसणीवर तीन-चार वेळा घासलं की बस्स, जास्त झालं तर सारण कडवट होतं. आणि हो, चिमूटभर मीठ. गोडात मीठ कशाला, असं वाटेल. एकदा घालून आणि एकदा न घालता चव बघा, म्हणजे आपोआप कळेल.

एकत्र केव्हा करायचं?

प्रमाण साधं आहे. दोन वाट्या खोबऱ्याचा कीस, एक वाटी पिठीसाखर, पाव वाटी बारीक रवा, दोन चमचे खसखस, एक चमचा चारोळी, पाच-सहा वेलदोडे, जरासं जायफळ. हे सगळं एकदम कढईत टाकायचं नाही. खोबरं मंद आचेवर बदामी रंगावर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात खसखस जळून कोळसा होईल. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळी भाजायची. भाजण्याने वास तर सुटतोच, पण उरलंसुरलं पाणीही उडून जातं.

भाजून झालं की सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. हा भाग मुलांना सर्वांत अवघड जातो! गरम खोबऱ्यात साखर घातली तर ती ओलसर होते आणि सारणाचा लगदा होतो. गरमच डब्यात भरून झाकण लावलं तर झाकणाला आतून थेंब जमतात, आणि एवढ्या खटाटोपाने घालवलेलं पाणी पुन्हा सारणात टपकतं. हाताला गार लागलं की मग साखर मिसळा, गुठळ्या मोडा आणि थोडं चाखून बघा. थोडंच हं! नाही तर सगळ्याच करंज्या खुळखुळतील.

गोव्यात अशाच नेवऱ्या करतात. चवथीला गणपतीपुढे ठेवतात आणि तिथली ख्रिस्ती घरं नाताळातही करतात. कर्नाटकात हिला करजीकाई म्हणतात, तर बिहारमध्ये पिडुकिया. आकार तोच अर्धचंद्राचा, पण जिथे जे चांगलं पिकतं आणि परवडतं ते तिच्या पोटात. तुमच्या वर्गात दुसऱ्या राज्यातून आलेलं कुणी असेल तर त्याच्या आईच्या हातच्या सारणात काय असतं, ते विचारून घ्या.

तुमचा कुणी काका, मामा किंवा ताई परदेशात असेल आणि फराळाचं पार्सल जाणार असेल, तर एक खबरदारी घ्या. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर इथे खसखस नेण्यावर बंदी आहे. आपल्या दृष्टीने ती चिमूटभर खसखस, पण तिथल्या कायद्यात ती अफूच्या झाडाचं बी आहे, आणि विमानतळावर त्यावरून माणूस अडचणीत येऊ शकतो. दुबईच्या मामासाठी सारण वेगळं काढा आणि त्यात खसखशीऐवजी भाजलेले तीळ घाला.

आता राहिलं शेवटचं काम, तेही तुमचंच. प्रत्येक डब्यासाठी एक चिठ्ठी लिहायची. करंज्या कोणत्या तारखेला केल्या, सारणात काय काय आहे, खवा आहे की नाही. शेंगदाणे, तीळ, काजू यांतलं काही असेल तर ते ठळक अक्षरांत, कारण काही मुलांना या वस्तू खाल्ल्या की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही कोंडतो. शेजारी डबा देताना ही चिठ्ठी डब्याबरोबर जायला हवी. ती झाकणाला बाहेरून चिकटवा. आतून लावली तर दोन दिवसांत तुपाने अक्षरं पुसून जातात.